मुंबईत तोंडाचा कॅन्सर घटला की वाढला?

प्रश्न सामाजिक वैद्यकशास्त्रात एम.डी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा आहे. थोडक्यात असा: "प्रबंधासाठी मुंबईतले तोंडाच्या कॅन्सरचे आकडे गोळा करतेय. १९८६ ते २००० या काळावरचा अभ्यास म्हणतो प्रमाण घटतंय. त्यानंतरचे आकडे म्हणतात पुरुषांमध्ये वाढतंय. मृत्यूंचे आकडे मात्र नव्या रुग्णांच्या मानानं बरेच कमी दिसतात. खरं कुठलं धरू? आणि मृत्यू कमी आहेत म्हणजे उपचार सुधारले, असं लिहिलं तर चालेल का?"

घट खरी होती आणि वाढही खरी आहे. दोन्हींचं मूळ एकाच तक्त्यात सापडतं, फक्त तो तक्ता वयानुसार उलगडून बघावा लागतो. मृत्यूंबद्दल तुम्ही जे लिहू पाहताय ते मात्र लिहू नका. त्याची कारणं पुढे सांगतो.

मी मूळचा दातांचा डॉक्टर. बरीच वर्षं तोंडाच्या कॅन्सरच्या ओपीडीत काढली आणि नंतर कॅन्सर नोंदणीच्या आकड्यांकडे वळलो. त्यामुळे दर लाखी अमुक असं वाचलं की मला त्या आकड्यामागचं गालफड आधी दिसतं. उत्तर लांबलं तर त्याचं कारण तेच.

आधी आकडे कुठून येतात ते बघू. मुंबईची कॅन्सर रजिस्ट्री १९६३ साली इंडियन कॅन्सर सोसायटीनं सुरू केली. शहराच्या लोकसंख्येवर आधारलेली अशी ही देशातली पहिली नोंदणी. पुढे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रमात ती सामील झाली. इथं रुग्णालयांकडून कागद आपोआप चालत येत नाहीत. नोंदणीची माणसं स्वतः सरकारी, पालिकेच्या आणि खासगी रुग्णालयांत जातात, पॅथॉलॉजीच्या वह्या चाळतात, केसपेपर काढून पत्ता आणि राहण्याचा कालावधी टिपतात, महापालिकेच्या मृत्यूनोंदीही बघतात. एकच माणूस तीन रुग्णालयांत तीन स्पेलिंगांनी नोंदलेला असतो, त्याला एक करतात. इतक्या वर्षांची सलग मालिका फार थोड्या शहरांकडे आहे. तिचा वापर करताना तेवढीच काळजी घ्यायला हवी.

आता १९८६ ते २००० चा अभ्यास. पुरुषांमध्ये वयानुसार समायोजित दर, म्हणजे लोकसंख्या म्हातारी होण्याचा परिणाम काढून टाकलेला दर, वर्षाला १.७ टक्के घटत होता. पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंत हिशेब केलात तर दर जवळजवळ एक-पंचमांशानं खाली आला. ही लहान गोष्ट नव्हे. पण त्याच अभ्यासात आणखी एक निष्कर्ष आहे, आणि बहुतेक जण तो वाचून पुढे जातात. ही घट चाळिशीच्या पुढच्या पुरुषांत होती. चाळिशीच्या आतल्यांत दर जागचा हलला नव्हता. वडीलधाऱ्यांत रोग कमी होत असताना पोरांमध्ये तो कमी होत नाही, हा इशारा होता. त्या वेळी मथळा 'घट' असाच झाला, कारण कॅन्सर हा वयस्कांचा रोग आहे, एकूण आकडा तेच ओढतात आणि तरुणांची ओळ त्यात बुडून जाते.

हे दोन गट एकाच काळात दोन वेगळ्या दिशांना का गेले, यासाठी जन्मसाल बघा. १९४० च्या आसपास जन्मलेला मुंबईकर पंधरा-वीस वर्षांचा झाला तेव्हा नाक्यावर काय मिळत होतं? बिडी, पान, चंचीतला तंबाखू आणि चुन्याची डबी. पुढे शहरात बिडी मागे पडत गेली, पानाची सवयही उतरली. या पिढीनं आपल्या वडिलांइतकी बिडी ओढली नाही. साठीतल्या पुरुषांचे दर त्यामुळे उतरले.

१९७० साली जन्मलेला मुलगा पंधरा वर्षांचा होतो १९८५ मध्ये. तोवर पानमसाला आणि गुटखा पत्र्याच्या डब्यातून छोट्या पुडीत आले होते. पुडीनं सगळंच बदललं. पान लावून घ्यायला पानवाल्यासमोर उभं राहावं लागतं, ओठ लाल होतात, घरी कळतं. तंबाखू मळायला हात लागतात, वास येतो. पुडी दातानं फाडली की झालं. शाळेच्या दप्तरात बसते, किंमत खिशातल्या चिल्लरीएवढी, चव गोड. शिवाय जाहिरातीत ती लग्नाच्या पाहुण्यांच्या हातात दिसायची. तंबाखू खाणारी माणसं पूर्वीही होती, पण दहा-बारा वर्षांच्या मुलानं तंबाखू आणि सुपारी एकत्र, दिवसाला कित्येकदा, गालात धरून ठेवणं ही गोष्ट नवी होती. तो मुलगा २००० साली तीस वर्षांचा होता, म्हणजे तुमच्या तक्त्यातल्या त्या न हललेल्या ओळीत. २०१५ मध्ये तो पंचेचाळीशीत आला आणि एकूण आकडा ओढणाऱ्या वयोगटात पोचला. नंतरची वाढ तिथून आली. ती २००० च्या आधीच तोंडात शिरलेली होती.

हे सगळं नंतर सुचलेलं शहाणपण नाही. तंबाखूच्या दुष्परिणामांचे अभ्यासक प्रकाश गुप्ता यांनी १९९९ मध्येच अहमदाबादच्या नोंदणीचे आकडे मांडून प्रश्न विचारला होता की भारतात तोंडाच्या कॅन्सरची नवी साथ येतेय का. पन्नाशीच्या आतल्यांत तोंडाचा कॅन्सर वाढताना त्यांना दिसला होता. गुजरातेत मावा (सुपारी, तंबाखू आणि चुना यांचं मिश्रण) आणि गुटखा आपल्यापेक्षा आधी आणि जास्त पसरला, म्हणून चित्र तिथं आधी उमटलं. मुंबईच्या संख्या अहमदाबादच्या शेजारी ठेवून बघितल्यात तर प्रबंधाला खोली येईल.

पुढची गोष्ट जागेची. 'तोंडाचा कॅन्सर' या शब्दात कोण काय कोंबतं ते प्रत्येक अभ्यासात वेगळं असतं. कुणी ओठ धरतं, कुणी सोडतं. जिभेचा पुढचा भाग आणि जिभेचं मूळ या दोन वेगळ्या जागा आहेत, रोगही वेगळ्या वळणानं जातो, पण काही तक्त्यांत 'जीभ' म्हणून दोन्ही एकत्र असतात. राष्ट्रीय अहवालांत 'जीभ' आणि 'तोंड' हे रकाने वेगळे असतात आणि तिथं 'तोंड' म्हणजे हिरडी, जिभेखालचा तळ, टाळू आणि गाल. दोन अभ्यासांची तुलना करण्याआधी दोघांच्या आयसीडी संकेतांची, म्हणजे रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातल्या क्रमांकांची, यादी समोर ठेवा. विसंगती वाटणाऱ्या कितीतरी गोष्टी तिथंच मिटतात.

आणि मग जागा वेगळ्या करून रेघ काढा. पुडी जिथं धरली जाते तिथं गाल आणि खालची हिरडी एकमेकांना भिडतात. आपल्याकडचा कॅन्सर मुख्यतः तिथला, गाल-हिरडीचा. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकात चित्र असतं ते जिभेच्या कडेचं आणि जिभेखालचं, कारण तिथं सिगारेट आणि दारू हे मुख्य कारण. आमच्या ओपीडीत रुग्णाला 'कुठल्या बाजूला बार (तंबाखूची गोळी) धरता?' असं विचारलं की तो बोटानं दाखवतो, आणि आरसा घालून बघितलं की बहुधा चट्टा त्याच बाजूला असतो. रोगाचा पत्ता सवयीशी इतका तंतोतंत जुळणारे आजार कमीच.

त्याच ओपीडीत दुसरी एक गोष्ट दिसायची आणि ती नोंदणीत येतच नाही. विशी-पंचविशीतले मुलगे यायचे. तक्रार काय, तर 'तिखट झोंबतं', 'पाणीपुरी तोंडात जात नाही'. तोंड उघडायला सांगितलं की दोन बोटंही सरळ जात नसत. गालाच्या आतली त्वचा पांढुरकी, चामड्यासारखी ताठ, आत दोरे ताणल्यासारखे. ही सबम्यूकस फायब्रोसिस, आणि ती होते सुपारीमुळे. तंबाखू नसलेल्या 'साध्या' मसाल्यानंही होते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं सुपारीला स्वतंत्रपणे कॅन्सरकारक ठरवलं आहे, तरी 'मी तंबाखू नाही खात, फक्त सुपारी' हे वाक्य मी आजही ऐकतो, अगदी डॉक्टरांच्या तोंडूनही. यातल्या काहींना पुढे कॅन्सर होतो. म्हणून उद्याचा कल आज जाणून घ्यायचा असेल तर दंतमहाविद्यालयांच्या ओपीडीत फायब्रोसिसचे किती तरुण येतात ते मोजा. नोंदणीत तेच आकडे कितीतरी वर्षांनी दिसतील.

आता वयाचा हिशेब. रुग्णांची नुसती संख्या किंवा कच्चा दर घेऊन कल लिहू नका. समजा दहा लाखांचं शहर आहे, त्यात साठीच्या आतले नऊ लाख आणि पुढचे एक लाख. आतल्यांत दर लाखी ५ रुग्ण, पुढच्यांत दर लाखी ६०. वर्षाला रुग्ण झाले ४५ आणि ६०, मिळून १०५. वीस वर्षांनी तेच शहर, तीच जोखीम, फक्त म्हातारी माणसं दोन लाख झाली आणि बाकीचे आठ लाख. रुग्ण होतात ४० आणि १२०, एकूण १६०. कुणाच्याही तोंडात काही नवीन घडलेलं नाही, तरी रुग्ण दीडपट. मुंबई म्हातारी होतेय, त्यामुळे हा फुगवटा तुमच्या आकड्यांत असणारच. समायोजित दर तो काढून टाकतो. पण समायोजित दरही शेवटी सरासरीच, म्हणून त्याच्या जोडीला वयोगटवार रेघा हव्यातच. जॉइनपॉइंट (कल कुठल्या वर्षी वळला ते शोधणारी संख्याशास्त्रीय पद्धत) वापरत असाल तर तो एकूण दरावर एकदा आणि चाळिशीच्या आत-बाहेर वेगवेगळा, असा चालवा. वळण कुठल्या वर्षी येतं ते दोन गटांत वेगळं दिसेल.

छेदाकडेही, म्हणजे ज्या लोकसंख्येनं भागून दर काढतात तिच्याकडेही, बघा. २००१ ची जनगणना मुंबईला एक कोटी एकोणीस लाख दाखवते, २०११ ची एक कोटी चोवीस लाख. त्याच दहा वर्षांत शहर जिल्हा, म्हणजे जुनी मुंबई, ३३ लाखांवरून ३१ लाखांवर आला. माणसं उपनगरांत आणि त्याही पुढे कल्याण-डोंबिवली, वसई-विरार, पनवेलकडे गेली. त्या वसाहती मुंबईच्या नोंदणीच्या हद्दीत नाहीत. २०२१ ची जनगणना तर झालीच नाही, त्यामुळे २०११ नंतरचा प्रत्येक दर अंदाजे लोकसंख्येवर उभा आहे. जितकं वर्ष अलीकडचं, तितका पाया डळमळीत. हे प्रबंधात एका वाक्यात न गुंडाळता नीट लिहा.

इथं माझं एक मत सांगतो, ते मत म्हणूनच घ्या. गिरणीत बिडी ओढायला बंदी, म्हणून गिरणी कामगार तंबाखू खायचे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसत गेल्या आणि ही माणसं कोकणात, सातारा-कोल्हापूरकडे परतली किंवा दूरच्या उपनगरात गेली. शहरातल्या वयस्क पुरुषांचा दर उतरण्यात सवयी बदलण्याचा मोठा वाटा असेलच, पण सर्वात जास्त जोखमीची माणसं शहरातून निघून गेली, याचाही थोडा असावा असं मला वाटतं. त्यांचा कॅन्सर मुंबईच्या वहीत आला नाही, गावाकडे झाला.

यावरून मृत्यूंकडे येऊ. तुमच्या प्रश्नाचा हा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

मुंबईच्या नोंदणीतल्या १९८७ ते १९९४ च्या रुग्णांवर जगण्याच्या प्रमाणाचा अभ्यास झालेला आहे. पाच वर्षांचं सापेक्ष जगणं, म्हणजे इतर कारणांचे मृत्यू वगळून मोजलेलं, निघालं जवळपास ४० टक्के. आता साधा पडताळा करा. शंभरात साठ जण या रोगानं जात असतील तर मृत्यू भागिले नवे रुग्ण हे गुणोत्तर ०.६ च्या आसपास यायला हवं. ग्लोबोकॅन या आंतरराष्ट्रीय कॅन्सर आकडेवारीच्या २०२० सालच्या भारतासाठीच्या अंदाजात ते तसंच येतं: सुमारे १ लाख ३६ हजार नवे रुग्ण, ७५ हजार मृत्यू. जगातल्या नव्या रुग्णांपैकी तिसरा हिस्सा आपल्या एका देशात आहे, हेही या निमित्तानं लक्षात ठेवा. तुमच्या मुंबईच्या तक्त्यात गुणोत्तर ०.६ च्या बरंच खाली येत असेल, तर पहिला प्रश्न 'उपचार किती सुधारले' हा नसतो. पहिला प्रश्न असतो, उरलेले मृत्यू कुठल्या वहीत गेले?

ते कुठं जातात हे मी जवळून बघितलंय. एक टॅक्सीचालक होते, पन्नाशीचे, तीस वर्षं मुंबईत. गालाचा कॅन्सर जबड्याच्या हाडापर्यंत गेलेला. शस्त्रक्रिया झाली, रेडिएशन झालं, आठ महिन्यांत मानेत पुन्हा गाठ आली. आता करण्यासारखं फार नाही असं सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "मग गावी जाऊ का?" गेले. दोन महिन्यांनी मुलाचा फोन आला. मृत्यूची नोंद उत्तर प्रदेशातल्या त्यांच्या तालुक्यात झाली, झाली असेल तर. मुंबईच्या नोंदणीत ते नवे रुग्ण म्हणून आहेत, मृत म्हणून नाहीत. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, आझमगड, जौनपूर, कुठलंही नाव घ्या, शेवटचे दिवस काढायला आपला माणूस गावी जातो. तोंडाच्या कॅन्सरमध्ये तर हे जास्तच होतं, कारण शेवटी जखम वास मारते, खाता येत नाही, आणि दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसांत ते सोसवत नाही.

शहरात मृत्यू झाला तरी प्रमाणपत्रावर काय लिहिलं जातं ते बघा. रुग्णालयातला मृत्यू नमुना ४ वर, घरचा ४-अ वर. मूळ कारणाच्या ओळीत गालाचा कॅन्सर यायला हवा. पण रात्री दोन वाजता ड्युटीवर असलेला निवासी डॉक्टर 'न्यूमोनिया' किंवा 'हृदय व श्वसनक्रिया बंद' लिहून मोकळा होतो. असं लिहिलेलं मी कितीदा बघितलंय, आणि ते चुकीचं होतं. अशी नोंद जुन्या केसशी जुळवता आली नाही तर तो मृत्यू कॅन्सरचा राहत नाही.

उलट्या बाजूची गळतीही आहे. बाहेरगावचे रुग्ण परळला टाटा रुग्णालयात येतात, पुतण्याचा किंवा गाववाल्याचा मुंबईचा पत्ता देतात. रहिवासी म्हणजे किमान एक वर्ष राहिलेला हा नियम त्यासाठीच आहे, आणि नोंदणीतली माणसं तो खोदून विचारतात. तरी काही निसटतात. म्हणजे नव्या रुग्णांचा आकडा थोडा फुगतो, मृत्यूंचा बराच गळतो, आणि गुणोत्तर दोन्हीकडून खाली येतं.

मग उपचार सुधारलेच नाहीत का? सुधारले. टाटा मेमोरियलच्या अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेली चाचणी तर जगानं उचलली. सुरुवातीच्या टप्प्यातल्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये मानेतल्या लसिकाग्रंथी, तिथं गाठ दिसत नसतानाही, पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्या तर तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण जिवंत होते, गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांत ६७.५ टक्के. पण ही चाचणी सुरुवातीच्या टप्प्यात पोचलेल्यांची आहे. आधी सांगितलेल्या मुंबईच्या अभ्यासात रोग जागच्या जागी असलेल्यांपैकी सुमारे ५९ टक्के पाच वर्षं जगले आणि आजूबाजूला पसरलेल्यांत जेमतेम १६ टक्के. आपल्याकडे बरेच रुग्ण दुसऱ्या गटात येतात. शहराचा मृत्युदर खरोखर उतरायचा असेल तर रुग्ण पहिल्या गटात सरकले पाहिजेत, आणि ते सरकले की नाही हे मृत्यूंच्या तक्त्यात नव्हे, निदानाच्या वेळच्या टप्प्यात दिसेल. तो रकाना मिळवा. अपूर्ण असेल तरी मिळवा.

लवकर पकडल्यानं मृत्यू कमी होतात याला पुरावा आहे. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन नुसत्या डोळ्यांनी तोंडं तपासली. २००५ साली आलेल्या निष्कर्षांत तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी होते. टॉर्च, आरसा आणि शिकवलेला डोळा, एवढंच लागलं. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमातही तिशीपुढच्या प्रत्येकाचं तोंड पाच वर्षांतून एकदा बघायचं ठरलेलं आहे. प्रत्यक्षात किती जणांना तोंड उघडायला सांगितलं जातं, हे तुमच्या वॉर्डच्या आरोग्य केंद्रात बसून मोजता येईल.

बंदीचा परिणाम तुम्ही विचारला नाहीत, पण परीक्षक विचारतील. महाराष्ट्रानं गुटख्यावर पहिली बंदी २००२ मध्ये घातली, ती २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. पुढे अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांत खाद्यपदार्थात तंबाखू-निकोटीन घालायला मनाई आली, आणि त्या आधारावर जुलै २०१२ मध्ये पुन्हा बंदी आली. व्यापाऱ्यांनी पानमसाला आणि तंबाखू दोन वेगळ्या पुड्यांत विकायला सुरुवात केली, गिऱ्हाईक टपरीवरच एकत्र करतं. तरीही सवय काही प्रमाणात उतरली आहे. राज्यात प्रौढांमधला तंबाखूचा वापर २००९-१० मध्ये ३१.४ टक्के होता, २०१६-१७ मध्ये २६.६. त्यात धूरविरहित तंबाखूच २४.४ टक्के, ओढणारे फक्त ३.८. सवयीपासून कॅन्सरपर्यंत पंधरा-वीस वर्षं जातात हे धरलं तर २०१२ च्या बंदीचं श्रेय किंवा अपयश २०१८ च्या आकड्यांवरून ठरवणं घाईचं आहे. ते दिसायचं असेल तर आधी तिशीतल्या पुरुषांत दिसेल.

२०२० चा खड्डाही कल म्हणून वाचू नका. त्या वर्षी मार्च ते मे या काळात देशातल्या ४१ कॅन्सर केंद्रांत नव्या रुग्णांची नोंद आदल्या वर्षीपेक्षा ५४ टक्क्यांनी घटली होती. रोग थांबला नव्हता, गाड्या थांबल्या होत्या. ते वर्ष रेघेतून वेगळं दाखवा.

स्त्रियांसाठी स्वतंत्र प्रकरण करा, पुरुषांच्या तक्त्याची शेपटी नको. त्यांची सवय मिश्रीची, तव्यावर भाजलेल्या तंबाखूची, आणि ती आईकडून मुलीकडे गेली. १९८६ ते २००० मध्ये ४० ते ५९ वयाच्या स्त्रियांत दर लक्षणीय उतरला होता. शिकलेल्या मुलींनी मिश्री सोडली असं मला ओपीडीत दिसायचं. स्वयंपाकघरातून बाहेर पडलेल्या या सवयीची जागा पुडीनं घेतली का, हे बघायला आता पुरेशी वर्षं हातात आहेत.

कामाला लागताना पाच-पाच वर्षांचे वयोगट आडवे आणि पाच-पाच वर्षांचे कालखंड उभे मांडा, मग तिरक्या रेघेनं वाचा. तिरक्या रेघेवर एकच पिढी चालत असते. १९६५ ते १९७४ मध्ये जन्मलेल्यांची रेघ लाल पेन्सिलनं काढा, तिच्या आधीच्या आणि नंतरच्या दोन-दोन पिढ्यांच्या काळ्यानं. वॉर्डवार दर काढायचा मोह होईल, तो टाळा. इतक्या वॉर्डांत रुग्ण वाटले की एकेका खान्यात इतके थोडे उरतात की दोन रुग्ण कमी-जास्त झाले तरी दर उडी मारतो. आणि जमलं तर शंभर-दीडशे रुग्णांच्या घरी फोन करून एवढंच विचारा: ते आता कुठं आहेत, आणि वारले असतील तर नोंद कुठल्या गावात केली. त्या उत्तरांवरून मृत्यूंची गळती किती ते तुम्हाला स्वतःला मोजता येईल.